तरंगत्या गोदीचं बूड

गोदीमास्तरांना सगळे नुसतं मास्तर म्हणत, त्यामुळे नव्या माणसाला ते शाळेतले वाटत. प्रत्यक्षात त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. त्यांचं काम होतं जहाजांच्या बुडाखालचं पाणी काढणं. बंदराच्या जुन्या टोकाला एक दगडी सुकी गोदी होती, म्हणजे जमिनीत खणलेला, पायऱ्यापायऱ्यांच्या भिंतींचा लांबलचक हौद, आणि समुद्राकडच्या तोंडाला लोखंडी दरवाजा. भरतीला दरवाजा बाजूला करायचा, जहाज आत घ्यायचं, दरवाजा लावायचा आणि पंपांनी पाणी उपसायला लागायचं. पाणी उतरतं तसं जहाज खाली येतं आणि तळाशी मांडलेल्या लाकडी ठोकळ्यांच्या रांगेवर बसतं. मग माणसं खाली उतरून शिंपले खरवडतात, पत्रे बदलतात, रंग देतात. बसतं म्हणायला सोपं आहे. जहाजाचा कणा ठोकळ्यांवर बरोबर आला नाही तर एवढं मोठं धूड कलंडतं, आणि मग गोदीमास्तराला तोंड दाखवायला जागा उरत नाही. मास्तरांच्या हाताखाली एकही जहाज कलंडलं नव्हतं. ही गोष्ट ते कुणाला सांगत नसत, कारण सगळ्यांना ती ठाऊकच होती.

मग कंपनीचे व्यवस्थापक साहेब परदेश दौऱ्याहून आले ते तरंगती गोदी विकत घेऊनच. ही गोदी म्हणजे लोखंडाचं प्रचंड पोकळ तबक, दोन बाजूंना उंच भिंती. तबकात पाणी भरलं की ते बुडतं, जहाज त्याच्यावर येऊन उभं राहतं, पाणी काढलं की तबक जहाजासकट वर येतं. खोदकाम नको, दगड नको, भरतीची वाट पाहायला नको. साहेबांनी बैठक बोलावून हे सगळं पडद्यावर चित्रांसह दाखवलं आणि शेवटी जुनी गोदी बंद करत असल्याचं सांगितलं, तेही पाणी पिता पिता.

मास्तर उठून उभे राहिले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बैठकीत तोंड उघडलं होतं, म्हणून मनात होतं ते सगळं एका दमात बाहेर आलं. पहिल्याच वादळात ती वस्तू बंदराबाहेर वाहून जाईल, म्हणाले. जहाजांचे मालक तिच्यावर विश्वास ठेवणार नाहीत, वर्षभरात ती विकायला काढावी लागेल, लोखंड आणि दगड यांची बरोबरी होत नाही. आणि हिचं स्वतःचं बूड सदा पाण्यात, ते कुजलं की हिला कुठे नेणार? साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. गोदी तीन भागांची आहे, ते म्हणाले. दोन भाग मिळून तिसऱ्याला उचलतात, बाहेरच्या कुणाची गरज लागत नाही. सगळे हसले. मास्तर बसले.

पुढे मास्तरांच्या मुद्द्यांचं जे झालं ते असं: वादळं आली आणि गेली, तरंगती गोदी जागची हलली नाही. जहाजांची रांग लागली. विकायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

जुन्या गोदीत पाणी सोडलं, एक निवृत्त प्रवासी बोट आत आणून बांधली आणि दरवाजा लावून टाकला. तिच्यावर हॉटेल उघडलं. पंपघराचं संग्रहालय झालं. मास्तरांच्या निवृत्तीला अजून अवकाश होता, त्यांना काढून टाकणं बरं दिसलं नसतं, म्हणून कंपनीने इतिहास विभाग काढला. विभागात मास्तर एकटेच. पाहुण्यांना गोदी दाखवायची आणि तिचा इतिहास सांगायचा, एवढंच काम.

मास्तरांची बायको इस्पितळातून निवृत्त झालेली परिचारिका. उगाच धीर देण्याची तिला सवय नव्हती. ती म्हणाली, निदान घरी येताना चिखल आणणार नाही. मास्तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि तिने ते चालवून घेतलं.

सुरुवातीचे महिने वाईट गेले. मास्तर काठावर उभे राहून पंपांची ताकद सांगत, दगडांच्या जाडीबद्दल सांगत, आणि सांगता सांगता साहेबांवर घसरत. पाहुणे हळूहळू हॉटेलच्या दिशेने सरकत. एक दिवस बायको ऐकायला येऊन मागे उभी राहिली. घरी जाताना म्हणाली, "तुम्ही इतिहास नाही सांगत, गाऱ्हाणं सांगताय. पेशंटसुद्धा इतकं कुरकुरत नाहीत."

मास्तरांना ते लागलं. इतकी वर्षं गोदीत काढली, पण गोदी कशी आली हे आपल्याला ठाऊकच नाही, हेही त्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आलं. ते वाचनालयात जाऊ लागले, आणि जे हाती लागलं त्याने खरोखर चकित झाले. आधी म्हणे बूड साफ करायला जहाज ओहोटीला चिखलात रुतवून एका अंगावर लवंडत. मग कुणीतरी किनाऱ्यात खळगा खणला. जहाज आत आलं की त्याच्यामागे मातीचा बांध घालायचा, काम झालं की बांध फोडायचा, पुढच्या जहाजाला पुन्हा बांध. कित्येक पिढ्या हेच चाललं. त्यानंतर लाकडी दारं आली, दगडी भिंती आल्या, वाफेचे पंप आले, आणि दरवाजाच पोकळ करून पाण्यावर तरंगवायची युक्ती आली. आणि दर वेळी एकच गंमत. गोदी बांधून पुरी होईपर्यंत जहाजं तिच्याहून मोठी झालेली असायची. ही गोदीसुद्धा दोनदा लांबवली होती. दुसऱ्यांदा तर एका ठरावीक मोठ्या जहाजासाठी डोंगराएवढा दगड फोडला, आणि ते जहाज इथे एकदाही आलं नाही.

या ऐवजावर मास्तरांनी आपलं भाषण बांधलं. चिखलापासून सुरुवात, मग बांध, दारं, पंप, न आलेलं जहाज. शेवटाला ते टोपी काढत, गोदीतल्या पाण्याकडे बघत आणि म्हणत, "शेकडो जहाजांच्या बुडाखालचं पाणी जिने काढलं, तिच्यात आता पाणी भरलंय. ते कायमचं." यानंतर ते गप्प राहत. ही शांतता पहिल्यांदा आपोआप आली. दुसऱ्यांदा त्यांनी ती मुद्दाम आणली. एका बाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि मास्तरांना आपल्या हाती काय लागलंय ते कळलं.

वर्षभरात लोक भाषणासाठी म्हणून येऊ लागले. वर्तमानपत्रात फोटो आला. हॉटेलवाला ओळखीने हसू लागला, कारण रडून झाल्यावर माणसाला भूक लागते. निवृत्तीचा दिवस आला तशी कंपनीने मास्तरांना मुदतवाढ दिली, पुढेही देत राहिली. घरी आरशासमोर टोपी काढण्याचा सराव होई. बायकोचं म्हणणं असं, की शेवटची शांतता दर महिन्याला थोडी लांबत चालली आहे, आणि एक दिवस लोक जेवून परत येतील तरी हे गप्पच असतील.

अशी वर्षं गेली. मास्तर सुखात होते. हे त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नसतं. दुःखाच्या धंद्यात असलेल्या माणसाला तसं करता येत नाही.

आणि तरंगत्या गोदीचा मधला भाग एका बाजूला झुकू लागला.

आधी साहेबांनी ते वाऱ्यावर ढकललं, मग भरतीवर. शेवटी पाणबुड्याला खाली पाठवलं. हा पाणबुड्या मास्तरांच्या वेळचा, अबोल गडी, ठोकळे तपासायला रोज गढूळ पाण्यात उतरायचा. वर येऊन त्याने सांगितलं की बुडाचा पत्रा बोटाने दाबला तर दबतो. बाकीच्या दोन भागांचंही फार वेगळं नव्हतं, त्यामुळे दोघांनी मिळून तिसऱ्याला उचलायचं चित्र पडद्यावरच राहिलं. लांबच्या बंदरातल्या मोठ्या गोदीकडे ओढून न्यावं, तर भर समुद्रात अशा अवस्थेतल्या धुडाचा विमा उतरवायला कुणी तयार होईना. जवळ एकच कोरडी करता येण्याजोगी जागा होती. तिच्यात हॉटेल होतं.

साहेब एका दुपारी काठावर आले तेव्हा मास्तर भाषणात वाफेच्या पंपांपर्यंत पोचले होते. इतक्या वर्षांत साहेबांनी पाहुणे खूप पाठवले होते, स्वतः कधी ऐकलं नव्हतं. ते गर्दीच्या मागे उभे राहिले. न आलेल्या जहाजापाशी त्यांनी चष्मा काढला. टोपी निघाली तेव्हा त्यांचाही रुमाल बाहेर आला. गर्दी पांगल्यावर ते जवळ आले आणि घसा खाकरून म्हणाले, "मास्तर, ही गोदी कोरडी करायची आहे."

"शक्य नाही," मास्तर म्हणाले.

त्यांचं उत्तर इतकं झटकन आलं की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. मग कारणं आपोआप सुचत गेली. दगडांचे सांधे ढिले झाले असतील. दरवाजा गंजला असेल. ठोकळे कुजले असतील. आणि मुख्य म्हणजे ही आता कारखान्याची जागा नाही, वारसा आहे. वारशाला पंप लावत नाहीत.

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. "त्या बैठकीत तुम्हीच विचारलं होतं, हिचं बूड कुजलं तर हिला कुठे नेणार म्हणून. मी आज उत्तर घेऊन आलोय."

"तेव्हा मी इतिहास वाचला नव्हता," मास्तर म्हणाले.

घरी त्यांनी हे बायकोला सांगितलं, जरा अभिमानानेच. ती शेंगा सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "इतकी वर्षं घोकत होतात, गोदीत पाणी आहे, गोदीत पाणी आहे. आता ते काढतायत तर तुमचं तोंड का सुकलं?"

मास्तरांनी वारसा म्हणजे काय ते तिला समजावून सांगितलं. ती शेंगा सोलत राहिली.

शहरात वारसा समिती नावाची एक संस्था होती. तिच्या परवानगीशिवाय जुन्या गोदीचा चिराही हलवता येत नव्हता. मास्तर आणि हॉटेलवाला दोघे मिळून समितीकडे गेले. हॉटेलवाल्याने आपलं नुकसान मांडलं, ते कुणी मनावर घेतलं नाही. मग मास्तर उठले. त्यांनी आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण त्या दिवशी केलं. चिखलात लवंडलेली जहाजं त्या बंद खोलीत दिसू लागली, बांध फुटल्याचा आवाज आला. न आलेल्या जहाजाची वाट सगळ्या समितीने पाहिली. टोपी निघाली. शांतता इतकी पसरली की बाहेरचा शिपाई काय झालं म्हणून डोकावला.

समितीच्या अध्यक्षबाई वयस्कर होत्या, कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. जिचा असा इतिहास आहे, त्या म्हणाल्या, तिला हॉटेलचं तळं करून ठेवणं हा अपमान आहे. तिला तिचं काम परत मिळालं पाहिजे, आणि तेही मास्तरांच्याच हातून. ठराव एकमताने झाला. टाळ्याही झाल्या. हॉटेलवाल्याने मास्तरांकडे ज्या नजरेने पाहिलं ती मास्तरांना बरेच दिवस आठवत राहिली.

आता माघार नव्हती. हॉटेलची बोट बाहेर ओढून काढली, दरवाजा पुन्हा बसवला, नवे पंप आणले. पाणी उतरू लागलं तसे लोक काठावर जमले. आधी भिंतींच्या हिरव्या पायऱ्या दिसल्या, मग तळ. तळावर चमचे होते. चमचे, काटे, बशा, काही खुर्च्या, एकेकटी पडलेली पादत्राणं आणि चष्मे. हॉटेलवाल्याने चमचे चोरल्याच्या संशयावरून बरेच नोकर काढून टाकले होते. तो काठावर उभा राहून बराच वेळ खाली बघत होता, आणि मग निघून गेला.

मास्तर खाली उतरले ते वाईटाची तयारी करून. पाणबुड्या आधीच तिथे होता. त्याने एका ठोकळ्यावर हातोडी मारली. आवाज ठणठणीत आला. सांधेही जसेच्या तसे होते. पाणबुड्याने नेहमीच्या तुटक बोलीत सांगितलं की लाकूड सतत पाण्याखाली राहिलं म्हणून टिकलं, हवेत असतं तर तडकलं असतं. भिंतींचंही तेच. गोदी रिकामी ठेवली असती तर मागच्या मातीने भिंती आत ढकलल्या असत्या. पाण्याने त्या तोलून धरल्या. म्हणजे ज्या पाण्याला मास्तर रोज टोपी काढून शोक करत होते, त्यानेच गोदी राखली होती. भाषणात हे कुठे बसवावं ते मास्तरांना सुचेना.

ठरलेल्या दिवशी मधला भाग सुटा करून आणला. सरळ तो गोदीच्या तोंडातून जात नव्हता, म्हणून दारातून कपाट नेतात तसा आडवा घातला, दोन्हीकडे हातभर जागा सोडून. त्याच्या उंच भिंतींवर वारा शिडासारखा भरत होता. दोर ताणायला चारी कोपऱ्यांवर माणसं होती. काठावर सगळं शहर लोटलं होतं. साहेब होते, समिती होती, अध्यक्षबाईंना खुर्ची दिली होती. मास्तर आपल्या जुन्या जागी उभे राहिले, आणि पहिला हुकूम तोंडून निघताच त्यांच्या अंगातली वर्षं उतरली. हा दोर सैल, तो आवळा, पंप चालू. भाग हळूहळू खाली येऊ लागला. ठोकळ्यांना टेकायला थोडं अंतर राहिलं तसे त्यांनी पंप थांबवले. पाणबुड्या बुडी मारून आला आणि त्याने अंगठा वर केला: बरोबर मधोमध.

आता फक्त एक शब्द म्हणायचा होता. मास्तरांनी टोपी काढली.

का काढली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. समोर गर्दी होती, गोदी होती, सगळे त्यांच्याकडे बघत होते. हात आपोआप गेला. आणि टोपीमागून ती शांतता आली, वर्षानुवर्षं घोटलेली. गर्दीही शांत झाली. अध्यक्षबाईंनी रुमाल काढला. दोर धरलेली माणसं वाट बघत होती. वाऱ्याची एक झुळूक आली, भाग एका बाजूला सरकू लागला, आणि मास्तर पाण्याकडे बघत उभेच.

"मास्तर," खालून पाणबुड्या म्हणाला, "बोला."

मास्तर दचकले. "उपसा," ते ओरडले, आणि भाग टेकला, पण वीतभर तिरका. कलंडला नाही, पण कडेच्या दोन ठोकळ्यांनी कुरकुर केली ती काठावरच्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेली. लोकांना वाटलं असाच आवाज होत असतो. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी टोपी पाणबुड्याच्या हातात दिली. पुन्हा पाणी आत घेतलं, भाग उचलला, मध्यावर आणला. या वेळी ते एकदाही गर्दीकडे वळले नाहीत. उन्हं उतरली तेव्हा भाग ठोकळ्यांवर बसला, केसभरही इकडेतिकडे नाही. तोवर बहुतेक लोक घरी गेले होते.

त्यानंतर एकामागून एक बाकीचे दोन भागही गोदीत आले. काम इतकं निघालं की तेवढ्या काळात छोटी जहाजं जुन्या गोदीतल्या उरलेल्या जागेत घ्यावी लागली, आणि मालकांना ती आवडली. व्यवस्थापक साहेबांचा जाहीर सत्कार झाला. जुनी गोदी विचारपूर्वक पाण्याखाली राखून ठेवण्याची दूरदृष्टी, असं मानपत्रात होतं. साहेबांनी ते खाली मान घालून स्वीकारलं. गोदीमास्तराची जागा पुन्हा निर्माण झाली, पण मास्तरांचं वय नियमात बसेना, म्हणून ती पाणबुड्याला मिळाली. इतिहास विभाग मात्र बंद झाला नाही. मास्तर रोज काठावर येत. पण मागे हातोड्यांचा दणदणाट, ठिणग्या, आणि पाहुण्यांच्या नजरा खालच्या कामावर. चिखल आणि बांधापर्यंत कुणी थांबतच नसे. एकदा दुसऱ्या गावाहून एक जोडपं मुद्दाम आलं. भाषण झाल्यावर त्या गृहस्थांनी संकोचत विचारलं, तो रडवणारा शेवट आता नसतो का? मास्तरांनी त्यांना दिलगिरीने सांगितलं की सध्या नसतो.

एका सुट्टीच्या दिवशी काम बंद होतं. बायको म्हणाली, मला एकदा तळ बघायचाय. इतक्या वर्षांच्या संसारात ती काठापर्यंतच आली होती; खाली बाहेरच्यांना मनाई असे, आणि मास्तरांनी तिला कधी विचारलंही नव्हतं. नव्या गोदीमास्तराने मान डोलावली आणि स्वतः दुसरीकडे बघत उभा राहिला.

ते दोघे ओल्या पायऱ्या जपून उतरले. वर एक मालवाहू जहाज ठोकळ्यांवर बसलं होतं. बायको त्याच्या बुडाखाली गेली, वर बघत बघत चालली. हात लांब करून तिने पत्र्याला तळवा लावला, जसा ती एके काळी पेशंटच्या कपाळाला लावत असेल तसा, आणि बराच वेळ काढला नाही. आता काहीतरी सांगायला हवं, असं मास्तरांना वाटलं. सुरुवात तोंडाशी आली होती, चिखलापासूनची.

"अगं, डोकं सांभाळ," ते म्हणाले. "पुढे टेकू आहे."

ती वाकून पुढे गेली. मास्तरही तिच्यामागून वाकून गेले.